डबे, करवंट्या आणि मुलांचा केरवा

गणेश चवथीच्या आरतीत घुमट हे मडक्याचे वाद्य ऐकून आलेली मुले घरी डबे बडवतातच. त्यांना अडवू नका, ताल द्या. सहा ते दहा वर्षांची चार-पाच मुले तासाभरात एक आवर्तन बसवू शकतात.

आधी दहा मिनिटे लाकडी पळी घेऊन घरभर हिंडू द्या. सापडलेल्या प्रत्येक आवाजाला मुलांनीच बोल द्यायचा: ‘धुम’, ‘टक’, ‘छिस’. हा भाग गाळू नका. बोल तोंडात बसला की हात आपोआप बसतो.

खरी गंमत घुमटाची. 2019 मध्ये गोव्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर झालेल्या या मडक्याला दोन तोंडे असतात: मोठ्यावर चामडे, लहान उघडे. तेच लोणच्याच्या जाड प्लास्टिकच्या बरणीवर जमते. बरणीचे तोंड मुलाच्या तळव्याने पुरते झाकले गेले पाहिजे. तळ मोठ्या माणसाने कापावा आणि कडेवर चिकटपट्टी लावावी, नाहीतर फुगा तिथेच फाटतो. मोठ्या फुग्याची मान कापून तो तळावर ताणा, दोन रबर बँड लावा. उजव्या बोटांनी थाप, डावा तळवा तोंडावर. तळवा दाबलेला असताना आवाज कोंडतो. थाप पडताच उचलला की घुमतो. हे एकदा कळले की मुले बरणी सोडत नाहीत. नुसती फडफड ऐकू आली तर फुगा सैल आहे. पाण्याची पातळ बाटली घेऊ नका, ती चेपते.

करवंट्या काथ्याने घासून दोन दिवस उन्हात वाळवा. ओली करवंटी ‘बद्द’ वाजते. मुठीत आवळूनही आवाज मरतो, म्हणून बोटांच्या टोकांवर धरून कडेवर कड आपटावी. खुळखुळ्यासाठी अर्ध्या लिटरच्या बाटलीत मूठभर उकडे तांदूळ पुरेत. जास्त भरले तर दाण्यांना उडायला जागाच राहत नाही.

आता केरवा, म्हणजे 8 मात्रांचा (ठोक्यांचा) ताल. 1 आणि 7 वर घुमट, 3 आणि 5 वर करवंटी, 4 आणि 8 वर खुळखुळा. 2 आणि 6 रिकाम्या. चूक इथेच होते: रिकामी मात्रा मुलांना सोसवत नाही, ती पुढची थाप आधीच मारतात आणि लय पळते. त्या दोन मात्रांना सगळ्यांनी तळवा छातीवर टेकवायचा. सुरुवातीला सेकंदाला एक मात्रा, घड्याळाच्या काट्याबरोबर. एका मुलाने फक्त चालत मोजायचे. त्याच्या पावलावर बाकीचे.

फोनवर रेकॉर्ड करताना खुळखुळा फोनपासून हातभर आणि घुमट दोन मीटर लांब बसवा.