संत्र्याच्या ट्रॉलीसाठी ट्रॅक्टर घेताय? आधी वजन आणि ब्रेक बघा

आंबिया बहाराची, म्हणजे संत्र्याच्या एका हंगामाची, तोड सुरू झाली की काटोल, नरखेड, कळमेश्वरकडून नागपूरच्या कळमन्याच्या बाजाराकडे भरलेल्या ट्रॉल्या निघतात. त्यात कापूस आणि सोयाबीनचीही भर. याच दिवसांत बरेच कास्तकार नवा ट्रॅक्टर बघायला जातात आणि पहिला प्रश्न एचपीचा विचारतात. ओढायचं म्हणाल तर 45 एचपीचा ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये नको तेवढं वजनही हलवतो. जीव जातो तो थांबवताना.

हिशेब करून बघा. 45 ते 50 एचपीचा ट्रॅक्टर साधारण 2 टनांचा. 20 किलोची 200 कॅरेट म्हणजे 4 टन संत्रा. रिकामी ट्रॉली दीड टन धरली तर मागे साडेपाच टन झाले. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर हा सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी अडवायचा. उतारावर जोरात ब्रेक दाबला की ट्रॉली मागून रेटते आणि ट्रॅक्टर आडवा फिरतो. ताशी 15 चा वेग 30 केला तर ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं.

म्हणून डीलरला ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन विचारा. ऑइलमधले ब्रेक आहेत का, ट्रॉलीच्या ब्रेकसाठी हायड्रॉलिक जोडणी मिळते का, हे बघा. माहितीपुस्तिकेत ओढण्याची मर्यादा असते, ट्रॉलीच्या आरसी बुकात भरलेल्या वजनाची. दोन्ही पाळा. मर्यादेपेक्षा जास्त माल भरला तर दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000.

दोनचाकी ट्रॉलीचा थोडा भार हुकावर येतो, त्यामुळे ओल्या पांदण रस्त्यावर मागची चाकं पकड धरतात. पण पुढचा भाग हलका होतो, स्टिअरिंग ऐकत नाही. पुढे लोखंडी वजनं लावून घ्या. माल आसाच्या किंचित पुढे भरा; सगळा मागे गेला तर हूकच वर उचलला जातो. चारचाकी ट्रॉली हुकावर भार देत नाही, तिला स्वतःचे ब्रेक हवेतच. कापसाची ट्रॉली हलकी वाटते, पण उंच भरलेली असल्याने वळणावर कलंडते.

ट्रॉली खालच्या हुकालाच जोडा. टॉप लिंकला (मागचा वरचा जोडदांडा) किंवा वर कुठे साखळी बांधून ओढलं तर ट्रॅक्टर पुढून उठून उलटतो, उडी मारायलाही वेळ मिळत नाही. पिनेला खिट्टी लावा.

डांबरी रस्त्यावर येण्याआधी डाव्या आणि उजव्या चाकाची दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडा. उतारावर न्यूट्रल नको, डिझेल वाचवायलासुद्धा नको. थंडीत पहाटे धुकं असतं. मागे लाल रिफ्लेक्टर आणि चालू दिवा हवाच. आणि कृपा करून तोडणीच्या बाया-माणसांना मालावर बसवू नका.

पैसे देण्याआधी तुमचीच ट्रॉली, नेहमीएवढी भरून, त्या ट्रॅक्टरला जोडा. गावाजवळच्या रिकाम्या उतारावर अगदी हळू नेऊन दोन-तीनदा थांबवून बघा. ती मागून रेटत असेल तर माल कमी करा किंवा जास्त वजनाचा ट्रॅक्टर बघा.