थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देत असेल, तर दोष कसा शोधावा

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू होताना बराच वेळ सेल्फ मारायला लावते आणि एकदा गरम झाली की दिवसभर चावी फिरवताच सुरू होते, या तक्रारीची दुरुस्ती बहुतेक वेळा अवघड नसते. अवघड असते ते तिचे कारण पकडणे. हा दोष इंजिन पूर्ण थंड असतानाच दिसतो, आणि तशी स्थिती दिवसातून जेमतेम एकदा, तीही काही सेकंदांपुरती मिळते. गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेली की इंजिन तापलेले असते, मेकॅनिकला काहीच वावगे आढळत नाही, आणि मग अंदाजाने प्लग, बॅटरी, पंप असे एकेक भाग बदलले जातात. म्हणून माझा मुख्य आग्रह असा आहे की सकाळचा पहिला स्टार्ट हीच खरी चाचणी समजावी, तिची तयारी आदल्या रात्री करावी आणि निरीक्षणे हाती येईपर्यंत एकही भाग बदलू नये.

इंजिन बंद करून सहा ते आठ तास झाले आणि कूलंट, ऑइल व धातू हे सगळे बाहेरच्या हवेच्या तापमानाला आले, की इंजिन थंड झाले असे मानावे. त्यासाठी कडाक्याची थंडी असावी लागत नाही. किंबहुना पहिला प्रश्न इथेच विचारावा: त्रास तापमानामुळे होतो की गाडी उभी राहिल्यामुळे? फक्त गारठ्याच्या दिवसांत त्रास होत असेल आणि उबदार हवेत रात्रभर उभी राहूनही गाडी सहज सुरू होत असेल, तर संशय बॅटरी, ऑइलचा दाटपणा, तापमानाचा सेन्सर किंवा डिझेल गाडीतले हीटर प्लग (सुरू होताना सिलिंडर तापवणारे प्लग) यांच्यावर जातो. उलट, हवा उबदार असूनही आणि इंजिन अजून कोमट असतानाही तीन-चार तास उभ्या राहिलेल्या गाडीला त्रास होत असेल, तर इंधनाचा दाब उतरून जातो आहे किंवा कुठेतरी गळती आहे, अशी शक्यता अधिक. एवढ्या एका फरकाने शोधाचे क्षेत्र जवळपास निम्मे होते, म्हणून दोन-तीन दिवस तापमान, गाडी किती तास उभी होती आणि सुरू व्हायला किती सेकंद लागले, हे लिहून ठेवावे.

साधने फार लागत नाहीत. एक मल्टिमीटर, ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकाची माहिती वाचण्याच्या जोडणीला) जोडायचा साधा स्कॅनर आणि आवाज व धूर टिपण्यासाठी मोबाईल एवढे पुरते. चाचणी मोकळ्या हवेत करावी, कारण बंद जागेत धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा ठरतो. गिअर न्यूट्रलमध्ये व हँडब्रेक ओढलेला असावा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान अर्धा मिनिट थांबावे; स्टार्टर मोटर तापून जळू शकते, आणि पेट्रोल गाडीत न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याचे नुकसान करते.

आधी कान द्यावा

पहिल्या स्टार्टला तीनपैकी एक गोष्ट घडते. इंजिन जड, संथ फिरते. किंवा नेहमीच्या वेगाने फिरते पण पेट घेत नाही. किंवा पेट घेते आणि लगेच बंद पडते वा थरथरत राहते. या तिन्हींची कारणे निरनिराळी आहेत आणि एकातली तपासणी दुसऱ्यात सहसा उपयोगी पडत नाही. "गाडी लवकर सुरू होत नाही" एवढेच सांगण्यापेक्षा मेकॅनिकला पहिल्या स्टार्टचे चित्रीकरण दाखवणे कितीतरी अधिक मोलाचे ठरते.

इंजिन संथ फिरत असेल, तर बॅटरीपासून सुरुवात करावी. सकाळी स्टार्ट करण्यापूर्वी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजावे. दार उघडल्यावर दिवे आणि कंट्रोल युनिट जागे होतात, म्हणून ते शांत होईपर्यंत काही मिनिटे थांबावे. पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती साधारण अर्धी उतरलेली असते. मात्र हा आकडा चांगला आला म्हणून बॅटरी निर्दोष ठरवण्याची घाई करू नये, कारण जुनी बॅटरी भाराविना पूर्ण व्होल्टेज दाखवते आणि भार पडताच कोसळते. सेल्फ मारत असताना दुसऱ्या कोणाला तरी मीटर पाहायला सांगावे: साधारण हवेत ते ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा मोजावे आणि तरीही तेच घडले तर ती बदलावी. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते; उणे १८ अंश सेल्सिअसला तिची क्षमता निम्म्याच्या आसपास येते, आणि नेमके त्याच वेळी दाट झालेले ऑइल इंजिनाला अधिक जोर मागते.

बॅटरी चांगली असूनही सेल्फ जड वाटत असेल, तर तारा व अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या उणे टोकाची इंजिनाशी असलेली जोडणी, तपासावे. मीटरची एक टोक-सुई बॅटरीच्या उणे खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारावा, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर अर्थिंगची तार किंवा तिचा जोड खराब आहे. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर घासून काढल्याने नवी बॅटरी घेण्याचा खर्च वाचल्याची उदाहरणे मेकॅनिक मंडळींना भरपूर ठाऊक असतात. ऑइल कोणत्या ग्रेडचे भरले आहे, हेही पाहावे. ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० भरले असेल, तर थंडीत ते जड फिरणारच; डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ऑइल थंडीत पातळ राहते.

इंजिन नीट फिरते, पण पेट घेत नाही

निदानाची खरी कसोटी इथे लागते, आणि इथेच सर्वाधिक भाग विनाकारण बदलले जातात. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. थंड इंजिनात त्याचा हलका अंशच वाफ बनतो, म्हणून इंजिनाच्या कंट्रोल युनिटला, म्हणजे ईसीयूला, गरम इंजिनापेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल सोडावे लागते. इथेनॉल मिसळलेल्या इंधनात ही अडचण वाढते, कारण इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. म्हणजे गरम इंजिन ज्या उणिवा सहज पचवते, त्या थंड इंजिनाला भोवतात.

इंधनाच्या दाबाची एक सोपी परीक्षा आहे. इंजेक्शनच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत चावी ऑन केल्यावर टाकीतला पंप साधारण दोन सेकंद चालून थांबतो आणि लाइनमध्ये दाब तयार होतो. एका सकाळी नेहमीप्रमाणे थेट सेल्फ मारावा आणि वेळ नोंदवावी. दुसऱ्या सकाळी चावी ऑन करून पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबावे, ऑफ करावी, असे तीन वेळा करून मगच सेल्फ मारावा. दुसऱ्या दिवशी गाडी स्पष्टपणे लवकर सुरू झाली, तर रात्रभरात दाब उतरतो आहे. तो उतरण्याचे नेहमीचे मार्ग दोन: पंपातला एकदिशा व्हॉल्व्ह गळून पेट्रोल टाकीत परत जाते, किंवा एखादा इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारा भाग, थेंब-थेंब गळून पेट्रोल इंजिनात साचते. दुसऱ्या प्रकारात सुरू होताना पेट्रोलचा वास, काळसर धूर आणि काही सेकंदांची थरथर असते. अशा वेळी अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यास बऱ्याच गाड्यांत ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो. त्याने इंजिन पेट घेऊ लागले, तर आत पेट्रोल जास्त झाले होते हे सिद्ध होते. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीत उच्च दाबाची लाइन घरी कधीही सोडवू नये.

दुसरा महत्त्वाचा संशयित कूलंटच्या तापमानाचा सेन्सर होय. हा स्वस्त आणि छोटा भाग इंजिन थंड आहे की गरम, हे ईसीयूला सांगतो. तो खोटे बोलला तर बाकी सर्व काही निर्दोष असूनही मिश्रण चुकते. तपासणी मात्र अत्यंत सोपी आहे, आणि मी तर तिलाच पहिला मान देईन: रात्रभर उभ्या गाडीची चावी ऑन करून, इंजिन सुरू करण्यापूर्वी, स्कॅनरवर कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान वाचावे. दोन्ही आकडे एकमेकांच्या आणि बाहेरच्या तापमानाच्या जवळ, चार-पाच अंशांच्या फरकात असायला हवेत. हवा १५ अंश असताना कूलंट ५० अंश दाखवत असेल, तर ईसीयू इंजिन कोमट समजून पेट्रोल कमी सोडतो आहे. उणे ४० दिसले, तर बहुधा सेन्सरची तार तुटलेली किंवा सॉकेट निसटलेले असते. असा दोष असूनही चेक इंजिनचा दिवा लागेलच असे नाही, कारण चुकीचा पण शक्य वाटणारा आकडा ईसीयू मुकाट्याने मान्य करतो.

त्यानंतर स्पार्क प्लग. न सुरू झालेल्या इंजिनातून प्लग लगेच काढून पाहावा: कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही, पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी कमकुवत आहे किंवा पेट्रोल जास्त आहे. झिजलेल्या प्लगमधील फट वाढते आणि ती ओलांडायला अधिक व्होल्टेज लागते. सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्टेज आधीच खाली आलेले असते, म्हणून असा प्लग धावत्या इंजिनात चालतो आणि सकाळी मात्र दगा देतो.

पेट घेते, पण टिकत नाही

अॅक्सिलरेटर किंचित दाबून धरल्यावर इंजिन चालू राहत असेल, तर आयडलला, म्हणजे पाय न देता इंजिन चालताना, हवा कमी पडते आहे. थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणाऱ्या भागावर, साचलेला कार्बन साफ करावा. प्रत्येक वेळी एक-दोन सेकंदांत ठरावीकपणे बंद पडत असेल आणि चावीचे चिन्ह लुकलुकत असेल, तर इमोबिलायझर, म्हणजे चावी ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा, पाहावा. सुरू होताना पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल, एखादा सिलिंडर मिनिटभर मिस करत असेल आणि कूलंट हळूहळू कमी होत असेल, तर हेड गॅस्केटमधून (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधल्या सीलमधून) कूलंट सिलिंडरमध्ये उतरण्याची शक्यता असते. अशा गाडीचा सेल्फ अचानक ठोका बसल्यासारखा अडला, तर पुन्हा चावी फिरवू नये. सिलिंडरमध्ये साचलेल्या कूलंटवर पिस्टन आदळून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

डिझेल गाडीसाठी

डिझेलमध्ये धूर सर्वात आधी बोलतो. सेल्फ मारताना पांढरा धूर निघत असेल, तर डिझेल पोहोचते आहे पण जळत नाही, म्हणून हीटर प्लग तपासावेत. अजिबात धूर नसेल, तर डिझेल पोहोचतच नाही. हीटर प्लगची तार काढून प्लगचे टोक आणि इंजिनाचा धातू यांमधला रोध मोजावा. चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो, जळलेल्या प्लगमधून वीज वाहतच नाही, मीटर अनंत रोध दाखवतो. एखादाच प्लग गेला असेल तर गाडी थरथरत सुरू होते. सगळेच गप्प असतील तर फ्यूज आणि रिले पाहावेत. डिझेल लाइनमध्ये भरण्याचा हातपंप असलेल्या गाडीत तो आधी मारल्यावर गाडी चटकन सुरू झाली, तर लाइनमध्ये हवा शिरते आहे. हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा स्टार्टिंग स्प्रे कधीही मारू नये. तापलेल्या प्लगवर तो स्फोटासारखा पेटतो.

हे सर्व नीट असेल, तरच कॉम्प्रेशनकडे, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाऊन होणाऱ्या दाबाकडे, वळावे. पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून त्यांची आपसांत तुलना करावी. एखादा इतरांपेक्षा १५ टक्क्यांहून कमी असेल, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंग झिजलेल्या आहेत, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. डिझेल इंजिनाला उच्च दाबाचा वेगळा गेज लागतो आणि त्यात ऑइल टाकायचे नसते. गाडीच्या पुस्तिकेतले कॉम्प्रेशनचे आकडे सहसा गरम इंजिनाचे असतात, पण तापल्यावर धातू फुगून काही फटी मिटतात; म्हणून सिलिंडरांची तुलना थंड इंजिनावरही करून पाहावी.