डोंगरधारेवर जिओकॅशचा डबा ठेवताना

साताऱ्याजवळच्या यवतेश्वर किंवा जरंडेश्वराच्या धारेवर जिओकॅश (जीपीएसच्या आकड्यांवरून इतरांनी शोधायचा लपवलेला डबा) ठेवायची असेल तर आधी पावसाचा विचार करा. चारही बाजूंना क्लिप आणि झाकणाला रबर असलेलाच डबा घ्या. घरी आत वर्तमानपत्राचा कागद घालून तो रात्रभर बादलीत दगडाखाली बुडवा. कागद कोरडा निघाला तरच वर न्या. रबरावर वाळूचा कण किंवा पिशवीचा कोपरा अडकला तरी पाणी झिरपतं, म्हणून बंद करण्याआधी कडेवरून बोट फिरवा. शोधणाऱ्यांनी नाव लिहायच्या वहीसोबत पेन्सिलच ठेवा, शाई फुटते. आत खाऊ ठेवू नका, माकडं डबा फोडतात.

जागेचं जीपीएस रीडिंग कड्याला चिकटून घेऊ नका. सिग्नल खडकावर आपटून येतो आणि जागा सरकते. शक्य तितक्या उघड्यावर, वेगवेगळ्या दिवशी तीन-चार रीडिंग घेऊन सरासरी काढा. अक्षांशात मिनिटाच्या दशांशचिन्हानंतरचा तिसरा अंक एकाने चुकला तर २ मीटरचा फरक, दुसरा चुकला तर १८ मीटरचा. धारेवर १८ मीटर म्हणजे शोधणारा थेट उतारावर!

खड्डा खणून पुरायचं नाही, हा खेळाचाच नियम. अजिंक्यताऱ्याच्या तटातले दगड तर हलवूच नयेत. कासच्या फुलांत एक पाऊलही नको. आणि कपारीत हात घालण्याआधी काठी फिरवा, विंचू असतात.