पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच?

नव्या पीसीचे पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच, तर आधी मॉनिटरची केबल पाहा. ग्राफिक्स कार्ड असेल तर ती कार्डालाच हवी, मदरबोर्डला नाही. मग प्रोसेसरजवळची, त्याला वीज देणारी ८ पिनची वायर. मदरबोर्डाची मोठी २४ पिनची लावल्यावर हीच हमखास विसरते. रॅमची एकच पट्टी ठेवा. चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून दुसरीत, क्लिप ‘टक्’ वाजेपर्यंत दाबून. डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅमला पहिल्यांदा जुळवून घ्यायला काही मिनिटं लागू शकतात, मध्येच बंद करू नका. तरीही नाही? बोर्ड बाहेर काढून त्याच्याच खोक्यावर चालवा, केसमधला जादा स्टँडऑफ (बोर्डाखालचा छोटा धातूचा खांब) टेकून शॉर्ट होत असेल तर कळेल. सोलापुरी चादरीवर मात्र नको, सुताचे तंतू खाचांत शिरतात.