गावच्या जवानांचा दगड उभारताना

आमचं गाव मोहोळ तालुक्यात, सीनाकाठी. चावडीच्या भिंतीत एक पांढरी संगमरवरी पाटी आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारनं अशा पाट्या कितीतरी गावांना दिल्या. १९१४ ते १९१९ च्या लढाईला या गावातून २३ माणसं गेली, त्यातली ४ कामी आली, एवढंच तीवर लिहिलंय. नाव एकाचंही नाही. त्या चारांत माझ्या आजोबांचे थोरले भाऊ होते. घरात त्यांच्याविषयी एकच वाक्य चालत आलं, "बसऱ्याला गेला तो गेलाच." मी इथल्याच शाळेत शिकवायचे. दर १५ ऑगस्टला पोरांना त्या पाटीपाशी न्यायचे, आणि "बाई, त्यांची नावं काय?" म्हटलं की गप्प व्हायचे. निवृत्तीनंतर आम्ही नावांचा दगड उभा केला. आता आसपासच्या गावांतून विचारायला माणसं येतात, म्हणून सगळं लिहून ठेवतेय.

आधी गवंडी बोलावू नका, आधी नावं गोळा करा. दगड पंधरवड्यात मिळतो, नावांना आम्हाला दीड वर्ष लागलं.

स्वातंत्र्यानंतरच्या जवानांची माहिती घरातच असते, फक्त मागायला संकोच वाटतो. वीरपत्नीकडे पेन्शनचा कागद असतो, त्यावर नंबर, हुद्दा, पलटण सगळं मिळतं. तो हरवला असेल तर माळ्यावरची काळी लोखंडी ट्रंक खाली काढा. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव असतं. एका घरी त्या ट्रंकेत ज्वारी भरून ठेवली होती. ओल्या फडक्यानं धूळ पुसली आणि एकेक आकडा वर आला. तेवढ्यावर सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, आणि त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लेखी पत्र टाका. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिकरोडला. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर २५ हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत, तिथलं नावही ताडून बघा.

पहिल्या महायुद्धाचं काम चिकाटीचं आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही महायुद्धांत पडलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिच्या संकेतस्थळावर नावं फुकट शोधता येतात. जिल्हा इंग्रजीत 'Sholapur' असा टाका, तेव्हाचं स्पेलिंग तेच. आडनाव बहुतेक नसतंच, बापाचं नाव आणि गाव असतं. आमच्या गावाचं नाव कारकुनानं असं काही लिहिलं होतं की मोठ्यानं वाचलं तेव्हाच कानाला ओळखू आलं. आजोबांचे भाऊ ११७ व्या मराठा पलटणीत होते. ही पलटण आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमाराला तुर्कांच्या वेढ्यात अडकली. डिसेंबर १९१५ पासून वेढा, उपासमार, घोड्यांचं मांस खायची पाळी, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. पुढे कैदेत हजारो मेले. इराकमधल्याच बसऱ्याच्या स्मारकावरही हिंदी शिपायांची नावं कोरली नाहीत, अधिकाऱ्यांची नावं आणि खाली शिपायांचे आकडे. आमच्या चावडीसारखंच. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

चौघांतले तिघे सापडले. चौथ्यासाठी आम्ही अंदाजानं नाव घातलं नाही. 'एक जवान, नाव मिळालेलं नाही' अशी ओळ कोरली. तुम्हीही तेच करा.

मग ग्रामसभेत ठराव घ्या. जागा, खर्च, आणि कोणाची नावं घ्यायची हे सगळं त्यातच येऊ द्या. खरा वाद शेवटच्या मुद्द्यावर होतो. आमच्याकडचा एक जवान डोंगरात गाडी दरीत जाऊन गेला. "तो लढाईत कुठं गेला?" असं दोघं-तिघं म्हणाले. माझं मत स्पष्ट आहे, कर्तव्यावर गेला तो दगडावर येणार. क्रम मृत्यूच्या तारखेचा ठेवा, हुद्द्याचा नको. देणगीदार आणि पुढारी यांची नावं दर्शनी बाजूला बिलकूल नकोत. पुतळ्याचा हट्टही सोडा, त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि दोन गट पडतात ते वेगळंच. मारुतीच्या देवळामागे आपले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे जुने कोरीव दगड, आहेतच की. खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवलिंग आणि चंद्रसूर्य. उभा दगड ही आपली जुनीच रीत.

कोरण्याआधी मजकूर मोठ्या अक्षरात छापून घरोघर न्या, आईची नाहीतर बायकोची सही किंवा अंगठा घ्या. आम्ही ते केलं नाही आणि कोरणाऱ्यानं 'बापू'चं 'बाबू' केलं. अख्खी पाटी पुन्हा करावी लागली. पैसे गेले ते गेलेच, पण त्या घरासमोर मान वर करवेना.

दगड काळा ग्रॅनाइट घ्या. शहाबादी स्वस्त पडते, पण आपल्या उन्हात आणि पावसात तिचे पापुद्रे सुटतात. अक्षरं खोल कोरून मगच रंग भरा, नुसती रंगवलेली सोलापूरच्या उन्हाळ्यात दोन वर्षं टिकत नाहीत. तोंड उत्तरेला ठेवा, म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस दुपारचं ऊन अक्षरांवर येत नाही.

पाया मात्र डोळ्यांत तेल घालून करून घ्या. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गवंडी म्हणतो दोन फूट पुरे, ऐकू नका. मुरूम लागेपर्यंत खणा, मगच पीसीसी, म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, टाका. चौथऱ्याभोवती पाणी साचणार नाही असा उतार द्या.

आणि दगड फार उंच नेऊ नका. खालची ओळ बसलेल्या माणसाच्या हाताला यायला हवी. उद्घाटन झाल्यावर गर्दी पांगली तेव्हा १९७१ ला नवरा गेलेली एक आजी पायरीवर बसली. वाचता येत नाही तिला. "माजी वळ कुटली, बाई?" म्हणाली. मी तिचं बोट धरून पहिल्या अक्षरावर ठेवलं. पुढची अक्षरं तिनं स्वतःच चाचपत नेली, शेवटच्या काना-मात्रेपर्यंत, आणि परत पहिल्यापासून.

देखभालीला नुसतं पाणी आणि नारळाच्या काथ्याचा ब्रश पुरतो. ॲसिड लावू देऊ नका, तेल-शेंदूरही नको, अक्षरं बुजतात. दिवाळीआधी एकदा रंग भरून घ्या. जमवलेल्या कागदांची एक फाइल ग्रामपंचायतीत ठेवा, दुसरी शाळेत. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते फाइलीवरच लिहा.