नळाच्या पाण्यात प्लास्टिकची रसायनं आहेत का? तपासणी अशी करून घ्या

टीडीएस मीटर या कामाचा नाही. तो विरघळलेले क्षार दाखवतो. प्लास्टिक मऊ करणारी थॅलेटं किंवा कडक प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल-ए त्याला दिसत नाही. ही रसायनं मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे प्रयोगशाळाच गाठायला हवी.

१. आधी फोन करा. प्रयोगशाळांना मिळणारी एनएबीएल मान्यता नुसती असून पुरत नाही, मान्यतेच्या यादीत पाण्यातली थॅलेटं आहेत का ते विचारा. डीईएचपी हे मुख्य थॅलेट जीसी-एमएस या रसायनं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्रावर मोजतात. किमान किती मोजता, हेही विचाराच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे ८ मायक्रोग्रॅम, अमेरिकेची ६. यंत्राला १०च्या खालचं दिसतच नसेल, तर रिपोर्टवरच्या ‘बीडीएल’ला, म्हणजे ‘मोजता येण्याच्या मर्यादेखाली’ या शेऱ्याला काय अर्थ? आणि ‘फिनॉलिक संयुगं’ या नेहमीच्या रंगचाचणीवर बिस्फेनॉल-एसाठी विसंबू नका. तिला ते सापडत नाही.

२. बाटल्या प्रयोगशाळेच्याच घ्या: तपकिरी काच, १ लिटर, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर. मिनरल वॉटरची रिकामी बाटली अजिबात नको. थॅलेटांच्या बाटलीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड असते. ते क्लोरीन मारणारं सोडियम सल्फाइट, ४०-५० मिलिग्रॅम. म्हणून बाटली विसळू नका, भरताना उतू जाऊ देऊ नका.

३. नमुने तीन जागचे घ्या. एक, पाणी आल्यावर मीटरजवळच्या नळाचं, ५ मिनिटं वाहू देऊन; दुसरा, गच्चीवरच्या टाकीचं; तिसरा, स्वयंपाकघरातल्या नळाचं, रात्रभर तुंबलेलं, सकाळचं अगदी पहिलं. आकडे शेजारी ठेवले की दोष महापालिकेच्या लाइनचा की इमारतीचा, ते दिसतं. कडक पीव्हीसी पाइपात प्लास्टिसायझर (मऊ करणारं रसायन) जवळजवळ नसतो, मऊ नळीत मात्र भरपूर. टाकी भरायला लावलेली हिरवी नळी पहिली संशयित.

४. खरी गडबड भरणाऱ्याच्या हातून होते. क्रीम, अत्तर, व्हिनाइलचे हातमोजे, प्लास्टिकचं नरसाळं, सगळ्यातून थॅलेटं येतात. नळाची जाळी आणि रबरी तोंड काढा. झाकण ओट्यावर न ठेवता हातातच धरा, आतली बाजू खाली. भरतानाच काही मिसळतं का ते कळायला चौथी बाटली ‘ब्लँक’ची: प्रयोगशाळेचं शुद्ध पाणी नळापाशीच एका बाटलीतून दुसरीत ओता. ब्लँकमध्ये २ आणि नमुन्यात २.५ मायक्रोग्रॅम आलं, तर वजाबाकी करत बसू नका, नमुना पुन्हा घ्या.

५. बाटल्या बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. आम्ल घालायचं काम प्रयोगशाळेचं. ते क्लोरीन मेल्यानंतरच घालतात.

रिपोर्टमधलं एकक नीट बघा: ०.००६ मिलिग्रॅम म्हणजे ६ मायक्रोग्रॅम. आकडा जास्त आला तर पाणी उकळून उपयोग नाही, डीईएचपी वाफेबरोबर जात नाही. आधी मऊ नळ्या बदला.

जुने पीव्हीसी पाइप असतील तर त्याच फेरीत शिसंही तपासा. पूर्वी पाइप टिकाऊ करायला शिशाचे क्षार वापरत. त्यावर नियम आला २०२१मध्ये. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. या नमुन्याला मात्र प्लास्टिकची बाटली चालते.