स्प्लायसिंगच्या प्रथिनांची तुलना करताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयात एम.एस्सी.चे काही विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पासाठी एकच विषय घेतात: आरएनए स्प्लायसिंग (जनुकाच्या आरएनए प्रतीतून इंट्रॉन हे मधले तुकडे कापून एक्झॉन हे उरलेले तुकडे जोडणे) करणारी प्रथिने कपाशी, यीस्ट आणि माणूस यांच्यात कितपत सारखी राहिली आहेत. विषय चांगला आहे, परंतु वह्या तपासताना काही चुका पुन्हापुन्हा आढळतात.

सर्वांत महागात पडणारी चूक नावावर विसंबण्याची आहे. पावाच्या यीस्टमधील पीआरपी-२ हे आरएनएची घडी सोडवणारे हेलिकेज आहे, तर शिझोसॅकॅरोमायसिस पाँबे या दुसऱ्या यीस्टमधील पीआरपी-२ हा यू२एएफ या इंट्रॉनचा शेवट ओळखण्यास मदत करणाऱ्या दोन घटकांच्या प्रथिनाचा मोठा घटक आहे. दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. उलट पावाच्या यीस्टमधील पीआरपी-८ चा पाँबेमधील सख्खा भाऊ एसपीपी-४२ या नावाने नोंदला आहे. प्रत्येक प्रयोगशाळेने आपापल्या जातीत उत्परिवर्ती वाण सापडतील तसे क्रमांक दिल्यामुळे हा घोळ झाला. म्हणून नाव टंकून शोधू नये; प्रथिनातील अमिनो आम्लांचा अनुक्रम घेऊन ब्लास्ट (साम्य असलेले अनुक्रम शोधणारी संगणकप्रणाली) करावा, आणि जे प्रथिन मिळेल ते घेऊन उलट दिशेने शोधल्यावर आपण मूळ प्रथिनाकडेच परततो का, हे पाहावे.

दुसरी चूक एका प्रथिनावरून सर्वांविषयी निष्कर्ष काढण्याची. पीआरपी-८ यीस्टमध्ये २,४१३ आणि माणसात २,३३५ अमिनो आम्लांचे असून त्यांतील सुमारे ६० टक्के जागी तेच अमिनो आम्ल आढळते. हे प्रथिन स्प्लायसिओसोमच्या, म्हणजे स्प्लायसिंग करणाऱ्या यंत्राच्या गाभ्यात, जिथे आरएनए प्रत्यक्ष तुटतो आणि जुळतो तिथे बसलेले असल्यामुळे त्यात बदल सहसा खपत नाही. परिघावरच्या प्रथिनांचे तसे नाही. यू२एएफचा लहान घटक पावाच्या यीस्टमध्ये नाहीच, आणि मोठ्या घटकाच्या जागी असलेल्या मड-२ चे साम्य क्षीण आहे. यावरून "हे प्रथिन प्राण्यांत नव्याने उपजले" असे लिहिणारे विद्यार्थी कपाशीकडे पाहायला विसरतात. लहान घटक वनस्पतींत आहे, माणसात आहे आणि पाँबेतही आहे; तेव्हा तो सामाईक पूर्वजात असावा आणि पावाच्या यीस्टने गमावला असावा, हाच सरळ अर्थ. त्या यीस्टच्या सुमारे ६,००० जनुकांत इंट्रॉन जेमतेम ३०० आहेत, म्हणजे स्प्लायसिंगचे काम तिथे थोडेच, हेही ध्यानात ठेवावे.

आरएनए ओळखणारा आरआरएम हा तुकडा शेकडो प्रथिनांत असतो. तेवढ्याच भागाचे साम्य दिसले म्हणून नाते जुळत नाही. दोन अनुक्रमांची जुळणी प्रथिनाच्या किती लांबीवर पसरली आहे, ते आधी पाहावे.

कपाशीची एक खास अडचण आहे. विदर्भात जी पऱ्हाटी आज बहुतेक शेतांत उभी असते, ती अमेरिकन कपाशी चतुर्गुणित असून तिच्या ५२ गुणसूत्रांत 'अ' आणि 'ड' असे दोन जनुकसंच आहेत, त्यामुळे बहुतेक जनुकांच्या दोन प्रती मिळतात. त्यांना नवी प्रथिने समजून मोजू नये. देशी कपाशीची गुणसूत्रे २६ आहेत. शंका आल्यास तिच्याशी ताडून पाहावे.

आणखी एक गल्लत म्हणजे यंत्र आणि त्याचे काम एकच मानण्याची. जिनिंगचे यंत्र सारखे असले तरी रुई कशी निघेल, हे आत गेलेल्या कापसावरही ठरते. बीटीला दाद न देणाऱ्या भारतातील गुलाबी बोंडअळ्यांत, बीटीचे विष ज्याला चिकटते त्या कॅडहेरिन या प्रथिनाच्या आरएनएचे नाना प्रकारचे स्प्लायसिंग आढळले आहे, परंतु तेवढ्यावरून त्या अळीची स्प्लायसिंगची प्रथिने बदलली असे म्हणता येत नाही. कॅडहेरिनच्याच जनुकातील बदलांमुळेही तसे घडू शकते.

शेवटी, जुळणीत मोठी पोकळी दिसली की लगेच उत्क्रांतीला जबाबदार धरू नये. संगणकाने वर्तवलेल्या प्रथिनात एक्झॉनची हद्द चुकलेली असू शकते, आणि स्प्लायसिंगच्या प्रथिनाचेच स्प्लायसिंग चुकीचे वर्तवले जावे, हा योग आमच्याकडे दोनदा आला आहे. अशा वेळी प्रत्यक्ष आरएनएचे वाचन उपलब्ध असल्यास ते त्या जागेवर बसवून पाहावे.